धुतल्यावर बिघडणारं मशीन

जुहूच्या हँगरमध्ये एव्हिऑनिक्सची, म्हणजे हेलिकॉप्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची, टीम सांभाळायला लागल्यावरचा माझा तो दुसरा पावसाळा. आमची हेलिकॉप्टरं बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर माणसांची ने-आण करतात. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर, सगळा प्रवास पाण्यावरून. खाली ना झाड ना घर, त्यामुळे आपण पाण्यापासून किती उंच आहोत हे नजरेला नीट कळत नाही. ते काम रेडिओ अल्टिमीटरचं. पोटाखालच्या एका अँटेनातून लहर सोडायची, दुसऱ्यातून परत आलेली पकडायची आणि उंची सांगायची, २,५०० फुटांपर्यंत.

एका मशीनवर, म्हणजे हेलिकॉप्टरवर, नेमकी तीच उंची अधूनमधून गायब व्हायला लागली. आठ दिवसांत चार स्नॅग, म्हणजे बिघाडाच्या चार नोंदी. मी आधी अल्टिमीटरचा बॉक्स बदलायला लावला. पुन्हा स्नॅग आला, पुन्हा बॉक्स बदलला. 'मशीन कधी देताय?' म्हणून कोणी डोक्यावर उभं असलं की बॉक्स काढणं सगळ्यात सोपं, आणि लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, काहीतरी केल्यासारखंही दिसतं! जमिनीवर तपासावं तर सगळं ठणठणीत.

पाचव्या स्नॅगच्या दुपारी टीममधली सगळ्यात नवी मुलगी टेक लॉग घेऊन आली.

"सर, हे सगळे स्नॅग सकाळच्या पहिल्या उड्डाणाचे आहेत. दुपारचा एकही नाही."

"थंड असताना होत असेल."

"जुलैत मुंबईत कसलं थंड, सर? आणि मंगळवारी सकाळीही स्नॅग नव्हता. आदल्या रात्री टँकर आला नव्हता, मशीन धुतलंच नव्हतं."

समुद्रावरून आलेलं मशीन रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर खारटपणा सगळं खातो. मी धुणाऱ्या मामांना बोलावलं, ग्राउंड पॉवर, म्हणजे बाहेरून वीज, लावली आणि त्यांना म्हटलं, "रोज मारता तसाच पाइप मारा." ती कॉकपिटमध्ये बसली. दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग ती ओरडली, "फ्लॅग आला, सर!" म्हणजे उंची भरवशाची नाही, अशी यंत्राचीच खूण.

मागची अँटेना उतरवली. गॅस्केटची एक कड चिरलेली, आत पाण्याचा थेंब, आणि कनेक्टरच्या मधल्या पिनवर हिरवट बुरशीसारखा थर. केबलच्या जाळीतही तोच हिरवा रंग बोटभर वर चढलेला. दुपारपर्यंत हे वाळायचं आणि आमचा मल्टिमीटर 'सगळं ठीक' म्हणायचा.

एकाने सुचवलं, खराब टोक कापून नवा कनेक्टर बसवू. इथे ते चालत नाही. लहरीला केबलमधून जायला लागणारा वेळही हिशोबात धरलेला असतो, चाकं जमिनीवर असताना शून्य दिसावं म्हणून. केबल मनाला येईल तशी कापली की शून्य हलतं. पूर्ण केबल बदलली, नवं गॅस्केट, नवं सीलंट. ते वाळेपर्यंत मशीन हलणार नाही, हे वरच्यांना मीच जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली. मग मामांनी पुन्हा पाइप मारला, चांगला दहा मिनिटं. सुई शून्यावरून हलली नाही.

महिन्याभराने ते दोन्ही बॉक्स वर्कशॉपमधून परत आले. सोबतच्या कागदावर एकच ओळ: दोष आढळला नाही. दोन्हींच्या रिमूव्हल टॅगवर, बॉक्स काढल्याच्या चिठ्ठीवर, सही माझी होती.