हॅव की हॅड

संध्याकाळी साडेसहाला माझा इंग्रजीचा वर्ग सुरू होतो आणि पहिली दहा मिनिटं जांभयांची असतात. दिवसभर राबून आलेली माणसं. सगळ्यात लहान एकवीस वर्षांचा, सगळ्यात मोठ्या बाई माझ्या आईच्या वयाच्या. अरबी, तिग्रिन्या, व्हिएतनामी, पोर्तुगीज, आणखी दोन-तीन भाषा. मधल्या सुट्टीत कानावर काहीही पडतं, घंटा झाली की सगळ्यांची मिळून एकच मोडकी इंग्रजी.

या मोठ्या बाईंना पहिल्या दिवशी नुसत्या नावाने हाक मारायची तर माझी जीभच वळेना. इंग्रजीच्या वर्गात सगळे एकमेकांना नावानेच बोलावतात, ‘यू’वर सगळ्यांचं भागतं. मी मनातल्या मनात त्यांना ‘अहो’ लावते. व्हिएतनामी मुलीची अडचण याच्या उलट. तिच्या भाषेत शिक्षिकेला ‘को’ म्हणतात, म्हणजे आत्यासुद्धा. मला ‘यू’ म्हणायला तिला दीड महिना लागला, आणि तोवर ती सर्वनाम गाळूनच बोलायची. मी ते चूक म्हणून मांडत होते.

तर दुसऱ्याच आठवड्यात ‘माझं कुटुंब’ हा धडा आला. इंग्रजी शिकवायची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांकडे टाळायच्या विषयांची एक यादी असते. राजकारण, दारू, धर्म, सेक्स, अमली पदार्थ, ‘इझम’ म्हणजे सगळे वाद, आणि डुकराचं मांस. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला ‘पार्सनिप’ म्हणतात. कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून. या यादीत कुटुंब नाही. उलट ते हमखास सुरुवातीलाच येतं, कारण शब्द सोपे. आई, बाप, भाऊ, बहीण. मला विचाराल तर माझ्या वर्गात याहून नाजूक विषय नाही.

वर्गातल्या त्या मोठ्या बाईंनी पाच ओळी लिहिल्या होत्या. पहिली, ‘आय हॅव थ्री सन्स.’ चौथी, दुसरा मुलगा २०१६ साली वारला. मी वह्यांचा गठ्ठा तपासत होते, शेवटची बस गाठायची होती. ‘थ्री’वर काट मारून लाल शाईने ‘टू’ लिहिलं, आणि समासात, ‘किंवा : हॅड थ्री’. काळाची चूक. पुढची वही.

पुढच्या आठवड्यात तोंडी सराव होता. जोडीदाराने विचारलं, मुलं किती? बाई म्हणाल्या, ‘टू.’ आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर ना, म्हणून.

त्या रात्री मी ठरवलं की हा धडाच काढून टाकायचा. पण तेही जमत नाही. दवाखान्यातला फॉर्म, शाळेचा फॉर्म, नोकरीचा फॉर्म, सगळीकडे कुटुंबाची माहिती विचारतात. मी नाही शिकवलं तर त्यांची पहिली गाठ खिडकीपलीकडच्या घाईतल्या माणसाशी पडणार. म्हणून आता धडा घेते, पण कुटुंब खरंच असायला हवं असं नाही, बनवलेलं चालेल, हे आधी सांगते. निम्मे लोक बनवतात. एकाने स्वतःला सात बहिणी दिल्या.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मी स्वतःला शहाणी समजत होते. जेनिफर जेन्किन्स या भाषाभ्यासक बाईंनी २००० साली मांडलं की वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा ‘थिंक’मधला ‘थ’ नीट आला नाही तरी फारसं बिघडत नाही. स्वरांची लांबी चुकली, शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन गळलं, तर मात्र गाडी अडते. मला ते पटलं. तसेही माझे व्ही आणि डब्ल्यू अजून एकाच खोलीत राहतात. म्हणून मी ‘थ’ सोडून दिला. तर पोर्तुगीज बोलणारा एक जण वर्गानंतर थांबला. म्हणाला, टीचर, तुम्ही हसत नाही, पण माझा मुकादम हसतो. मला ‘थ’ शिकवा. शिकवला. जीभ दातांत धरून आरशासमोर वीस मिनिटं.

परीक्षेच्या तुकडीतला पेच आणखी चिवट. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात मत कोणतं याला गुण नसतात. प्रश्नाला धरून उत्तर, बांधणी, शब्दसंपदा, व्याकरण, या चार गोष्टी बघतात. विषय होता, म्हाताऱ्या आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं का, दोन्ही बाजू मांडा. एकाने विचारलं, दुसरी बाजू कुठली? तो वाद घालत नव्हता, त्याला खरंच दिसत नव्हती. मी ‘ऑन द अदर हँड’ दिला, तीन तयार मुद्दे दिले. निकाल त्याला हवा तसा आला. मला तो निबंध दाखवून म्हणाला, दुसरा परिच्छेद तुमचा आहे. तक्रारीचा सूर नव्हता, पण मला ते वाक्य पुसता येत नाही. आणि न शिकवता त्याला परीक्षेला पाठवलं असतं, तर माझ्या तत्त्वाची किंमत त्याने मोजली असती.

बाईंशी मी शेवटी बोलले, सत्र संपता संपता. आधी वाटलं, त्यांच्या भाषेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मध्ये घ्यावं, म्हणजे नीट समजेल. पण त्याच्यासमोर हे का उघडं करायचं? मग तोडक्यामोडक्या इंग्रजीतच. वही उघडली, ती ओळ दाखवली. म्हटलं, ‘थ्री’ चालतं. इंग्रजीत आईला ‘हॅव थ्री’ म्हणता येतं.

बाईंनी वही स्वतःकडे वळवली. लाल काटेवरून बोट फिरवलं.

‘मग खोडलंत का?’

मी म्हटलं, घाईत.