निंब, कण्हेर आणि एक ट्रॅक्टर वाळू

रविवार, रात्री साडेदहा

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आलीये आणि चिऊचा एकच धोशा, मागच्या निंबाला झोका बांध. झोका बांधायला काय, पण खाली पडली तर? म्हणून परसदाराचं रखडलेलं काम शेवटी आज काढलं.

ठेकेदाराचं म्हणणं, ताई सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकून घ्या नाहीतर प्लॅस्टिकचं लॉन, चिखलाची कटकटच नाही. अहो पण जळगावचा उन्हाळा, पारा ४३-४४ ला, दुपारी फरशीवर पाय ठेवला की पोळतो आणि प्लॅस्टिक तर त्याहून तापतं, तिथे पोरं खेळणार कशी? आणि खरं गवत लावावं तर नळ चार दिवसाआड, त्याला पाणी कुठून घालू. म्हणून माती तशीच ठेवली. फक्त झोक्याखाली फूटभर उकरून वाळू भरली, आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि दगडासारखी कडक होते ना. न्हाणीचं पाणी चर खणून केळीच्या बेटाकडे वळवलं, केळीला पाणी कितीही द्या, कमीच. तो चर मात्र उतारावरच पाहिजे, पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं पसरट भांडंही आता रोज ओतून घासायचं ठरवलंय.

खरी भांडणं झाली कण्हेरीवरून. सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी लावलेली, महादेवाला रोज तीच फुलं. पण कण्हेर पानापासून बीपर्यंत विषारी, थेट हृदयावर परिणाम करते, आणि आमचा छोट्या दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात. आई म्हणाल्या, "माझी तीन पोरं याच झाडाखाली मोठी झाली." यावर काय बोलणार! (त्यांचा हिशोब चुकलाय, धाकटे दीर तेव्हा कॉलेजात होते, पण हे मी बोलले नाही.) शेवटी यांनीच हातमोजे घालून काढली. पण टाकायची कुठे? जाळली तर धूरही वाईट, बाहेर फेकली तर गुरं खातील. मग कोपऱ्यात खोल खड्डा करून पुरली. तिच्या जागी जास्वंद लावलीये, आईंनी अजून तिच्याकडे बघितलेलंसुद्धा नाही.

निंबाचा पालापाचोळा झाडांच्या बुडाशी पसरला की ओल टिकते म्हणून मी तो साठवत होते, पण भिंतीलगतच्या ढिगाखाली आज विंचू निघाला! आता ढीग लांब, कंपाउंडच्या टोकाला, आणि तिकडे पोरांना बंदी.

संध्याकाळी झोका बांधून झाला तर पहिल्यांदा कोण बसलं? आई. चिऊ रडायला लागली तेव्हा कुठे उतरल्या.

अरे हो, वाळूवर ताडपत्री टाकायची राहिली, शेजारची मांजरं रात्रीत घाण करून ठेवतील. उठते.