जुन्या पेट्रोल जीपला कोणता कार्ब्युरेटर बसवावा?

जुनी पेट्रोल जीप, लँड रोव्हर किंवा त्याच घराण्यातली एखादी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बाळगणारे लोक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो: मूळचा कार्ब्युरेटर काढून दुसरा बसवायचा आहे, कोणता घेऊ? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ताकद असते, आणि ताकदीचा प्रश्न गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण दगडधोंड्यांतून, नदीपात्रातून आणि खड्या चढावरून चालणाऱ्या गाडीसाठी कार्ब्युरेटर पारखताना सर्वांत आधी हे पाहावे लागते की गाडी तिरकी झाल्यावर त्याच्या पोटातले पेट्रोल कुठे जाते. सपाट रस्त्यावर उत्तम चालणारा कार्ब्युरेटर चढाच्या मध्यावर गाडी बंद पाडतो, तेव्हा त्याचे कारण जवळजवळ नेहमी इथेच सापडते.

कार्ब्युरेटर इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळतो. त्याच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे तरंगत्या फ्लोटने सांभाळलेल्या छोट्या टाकीत, पेट्रोलची पातळी एका ठरावीक उंचीवर राखलेली असते आणि मुख्य नळी हवेच्या वाटेत जिथे उघडते ते तोंड त्या पातळीच्या काही मिलिमीटरच वर असते. इंजिन हवा ओढते, व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात दाब उतरतो आणि त्या फरकाच्या जोरावर पेट्रोल तेवढे अंतर चढून हवेत मिसळते. आता फ्लोट चेंबरचा मध्य आणि नळीचे तोंड यांच्यात 40 मिलिमीटरचे आडवे अंतर आहे असे धरा. गाडी 30 अंशांच्या चढावर आली की कार्ब्युरेटर कलतो, पण पेट्रोलचा पृष्ठभाग आडवाच राहतो. त्यामुळे नळीच्या तोंडापाशी पातळी सुमारे 23 मिलिमीटरने बदलते. जिथे काही मिलिमीटरचा हिशेब आहे तिथे 23 मिलिमीटर म्हणजे अनर्थच आहे. चेंबर गाडीच्या पुढच्या अंगाला असेल तर चढावर पेट्रोल न ओढताच नळीतून सांडू लागते आणि इंजिन फ्लड होते. चेंबर मागच्या अंगाला असेल तर पेट्रोल तोंडापर्यंत पोहोचतच नाही आणि पाय दाबूनही इंजिन उपाशी मरते.

दोन्ही अवस्था वाईट असल्या तरी सारख्या वाईट नाहीत. चढावर इंजिनाला पूर्ण जोर हवा असतो, त्या क्षणी मिश्रण थोडे रिच (पेट्रोल जास्त) झालेले चालते, लीन (पेट्रोल कमी) झालेले मुळीच चालत नाही. उतारावर थ्रॉटल (पायाने उघडणारी हवेची झडप) मिटलेला असतो, मॅनिफोल्डमधली, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीतली, ओढ जबरदस्त असते आणि आयडलचा (पाय न दाबता इंजिन चालण्याचा) मार्ग त्या ओढीवर पातळी खाली गेली तरी पेट्रोल खेचून घेतो. म्हणून फ्लोट चेंबर पुढच्या बाजूला आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) मागच्या बाजूला येईल अशी मांडणी मी नेहमी पसंत करतो. चेंबर मागे असलेला कार्ब्युरेटर चढावर उपाशी राहतो, आणि उतारावर थ्रॉटल मिटलेला असताना पेट्रोल सांडून इंजिन बंद पाडतो. उतारावर फ्लड झालेले इंजिन पुन्हा सुरू करणे किती कठीण असते हे ज्याला माहीत आहे तो ही मांडणी पुन्हा निवडत नाही. चेंबर कडेला असेल तर चढ-उतार सोसतो, पण गाडी आडव्या उतरणीवर एका अंगावर कलली की तोच त्रास सुरू होतो. याहून चांगला मार्ग म्हणजे चेंबरच जेटभोवती असणे. एसयू या बनावटीच्या एचआयएफ मालिकेत आणि स्ट्रॉम्बर्ग सीडी या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट चेंबर जेटला वेढून बसलेले असते, त्यामुळे गाडी कोणत्याही बाजूला कलली तरी जेटपाशी पातळी फारशी हलत नाही. जुन्या रेंज रोव्हरच्या व्ही-8 इंजिनावर स्ट्रॉम्बर्गची जोडी होती. अमेरिकी व्ही-8 इंजिनांवर रोचेस्टर क्वाड्राजेटला डोंगरातले लोक मान देतात, तोही त्याच्या लहान आणि मध्यावर असलेल्या फ्लोट चेंबरमुळेच.

परंतु नवा घेण्याआधी जुना खरोखर बाद झाला आहे का, हे पाहायलाच हवे. कार्ब्युरेटरच्या माथी मारले जाणारे कितीतरी दोष टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), पॉइंट (ठिणगी पाडणारे संपर्क), टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि हवा घेणाऱ्या गॅस्केटचे असतात. टॅपेटची फट, कॉम्प्रेशन, पॉइंटची फट आणि टायमिंग बरोबर असल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नये, कारण चुकीच्या टायमिंगवर जुळवलेले मिश्रण टायमिंग सुधारताच पुन्हा बिघडते. त्यानंतर पेट्रोलचा दाब मोजावा. जुना यांत्रिक पंप काढून बाजारातला इलेक्ट्रिक पंप बसवलेल्या गाड्यांमध्ये हा दाब हटकून जास्त निघतो. वेबर या बनावटीच्या बऱ्याच कार्ब्युरेटरना 3 ते 3.5 पीएसआयच्या वर दाब सोसत नाही, चेंबरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी नीडल जागेवरून ढकलली जाते, पातळी वर चढते आणि मालक जेट बदलत बसतो. अशा ठिकाणी दाब कमी करणारा रेग्युलेटर हाच खरा उपाय असतो.

मग फ्लोट पाहावा. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरला की सूक्ष्म छिद्रातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. कानाशी हलवल्यावर आत पेट्रोल खळखळत असेल तर एवढीही परीक्षा लागत नाही. पातळी मोजण्याची रीत प्रत्येक बनावटीची वेगळी असते. युद्धकाळातल्या विलीज जीपवरच्या कार्टर डब्ल्यूओ कार्ब्युरेटरमध्ये झाकण उलटे धरून झाकण आणि फ्लोट यांच्यातले अंतर 3/8 इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर राखायचे असते. हे अंतर डोळ्यांनी ठरवू नये. त्याच मापाच्या ड्रिलचा दांडा फटीत सरकवून पाहावा आणि फ्लोटची जीभ वाकवताना नीडलवर जोर येणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर नीडलच्या टोकावर कडे उमटते आणि ती पुन्हा कधीच नीट मिटत नाही. डोंगरात चढावर थोडेफार फ्लड होणाऱ्या गाडीची पातळी एखादा मिलिमीटर खाली घेतली तर पुष्कळ फरक पडतो, आणि सपाटीवर त्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही.

एका विशिष्ट दोषाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्यापायी पुष्कळ चांगले कार्ब्युरेटर भंगारात गेले आहेत. लँड रोव्हरच्या 2.25 लिटर इंजिनावर झेनिथ 36 आयव्ही असतो. काही वर्षांनी तो आयडलला काळा धूर देऊ लागतो आणि मिक्श्चर स्क्रू (आयडलचे मिश्रण जुळवणारा) पूर्ण आत बसवला तरी इंजिन चालूच राहते, म्हणजे स्क्रूचा ताबाच सुटलेला असतो. याचे कारण असे की वरचे झाकण आणि इमल्शन ब्लॉक (जेट आणि पेट्रोलचे मार्ग असलेला ठोकळा) यांचे एकमेकांवर बसणारे पृष्ठभाग उष्णतेने आणि स्क्रू जास्त आवळल्याने वाकतात, मधली ओ-रिंग कडक होते आणि पेट्रोल जेटला बगल देऊन थेट आत जाते. झाकण उतरवून त्याची कडा सपाट पट्टीला लावून उजेडाकडे धरली तर मध्ये किंवा कोपऱ्यात प्रकाशाची रेघ दिसते. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, पाणी घालून, हलक्या हाताने आठच्या आकड्यासारखे फिरवत तो पृष्ठभाग सपाट करावा, ओ-रिंग नवी घालावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळावेत. एवढ्याने स्क्रूचा ताबा परत येतो आणि नव्या कार्ब्युरेटरची गरज बहुतेक वेळा संपते.

जुना बाद ठरवण्याचे एकच ठोस कारण मी मानतो, ते म्हणजे थ्रॉटलच्या स्पिंडलची (ज्या दांड्यावर तो फिरतो त्याची) झीज. स्पिंडल बोटांनी हलवल्यावर खेळत असेल, तर त्या फटीतून आत जाणारी हवा कोणत्याही स्क्रूने भरून काढता येत नाही. बॉडीत नवे बुश घालून देणारा कसबी कारागीर मिळाला तर हाही दोष दूर होतो. मिळाला नाही तर बदलणे रास्त आहे.

आयडल जुळवताना इंजिन पूर्ण गरम असावे आणि एअर क्लीनर जागेवर असावा. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडावा. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर साधारण 17 ते 21 इंच पाऱ्याचा स्थिर आकडा दाखवते. मिक्श्चर स्क्रू दीड फेरा उघडून सुरुवात करावी, काटा सर्वांत वर जाईल तिथे थांबावे, रेस पुन्हा मूळ जागी आणावी आणि हे आलटून पालटून करावे. काटा थरथरत असेल तर कार्ब्युरेटर सोडून व्हॉल्व्हकडे आणि इग्निशनकडे वळावे.

मुख्य जेटची गोष्ट वेगळी आहे, कारण ती तुमच्या पेट्रोलवर आणि तुम्ही किती उंचीवर गाडी चालवता यावर ठरते. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते; 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा पट पुरते. जुन्या जेटवर असे पेट्रोल घातले की मिश्रण जवळपास आठ टक्क्यांनी लीन होते. वेबर आणि सोलेक्स यांच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शतांशांत असतो, म्हणून 130 च्या जागी 135 घातला की भोकाचे क्षेत्रफळ साधारण तेवढेच वाढते. उंचीचा परिणाम उलटा आहे. 3000 मीटरवर हवेची घनता सुमारे तीन-चतुर्थांश उरते आणि मिश्रण साधारण 15 टक्क्यांनी रिच होते. तिथे मुक्काम असेल तर 130 च्या जागी 120 योग्य ठरतो, पण एक-दोन दिवसांच्या घाटासाठी जेट काढत बसू नये. लीन मिश्रणाने व्हॉल्व्ह जळतात, थोड्या रिच मिश्रणाने बहुधा फक्त प्लग काळे होतात, म्हणून शंका असेल तेव्हा रिचकडे झुकावे.

आता आकाराविषयी. विलीजचे 2.2 लिटरचे गो-डेव्हिल इंजिन 60 अश्वशक्ती देते ती 4000 आरपीएमला, पण त्याचा सर्वाधिक टॉर्क 2000 आरपीएमलाच येतो. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते, म्हणजे 4000 आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त 4400 लिटर हवा घेऊ शकते, आणि प्रत्यक्षात सुमारे 3500 लिटरच घेते. दगडांवर आपण 1000 च्या आसपास चालतो, तेव्हा हा आकडा आणखी कितीतरी खाली येतो. मोठा व्हेंचुरी बसवला की या कमी ओढीत हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे थेंब मोडत नाहीत, आणि पाय किंचित हलवला की इंजिन आचके देते. म्हणून लोक मोठे माप सुचवतात तिथे मी नेहमी लहान सुचवतो. लँड रोव्हरवर एकच बॅरल (हवेचा गळा) असलेला वेबर 34 आयसीएच वरच्या टोकाला थोडी ताकद सोडतो, पण खाली स्वच्छ चालतो. दोन बॅरलचाच हवा असेल तर वेबर 32/36 डीजीव्हीसारखा घ्यावा, ज्यात लहान बॅरल आधी आणि मोठा नंतर उघडतो. दोन्ही बॅरल एकाच वेळी उघडणारा 38 डीजीईएस मी खडकाळ वाटेसाठी घेणार नाही. ॲडाप्टर प्लेटवर बसवताना फ्लोट चेंबर कोणत्या दिशेला येते ते आधी पाहावे, आणि खाली बेकेलाइटचा जाड स्पेसर ठेवावा, म्हणजे गाडी थांबल्यावर मॅनिफोल्डच्या उष्णतेने चेंबरमधले पेट्रोल उकळत नाही.

ॲक्सिलरेटर पंपाकडे फार कमी लोक लक्ष देतात. खडबडीत वाटेवर गाडी उसळते, तिच्याबरोबर पाय उसळतो आणि प्रत्येक धक्क्याला पंप पेट्रोलची एक धार आत सोडतो. थोड्याच वेळात इंजिन गुदमरते. पंपाचा स्ट्रोक कमी करण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि जुन्या जीपवरचा हँड थ्रॉटल, ज्याने हाताने रेस स्थिर ठेवता येते, काढून टाकू नये.

सगळे जुळल्यावर परीक्षा सपाटीवर घेऊ नये. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर एखाद्या सुरक्षित चढाच्या मध्यावर गाडी थांबवावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत आणि काही मिनिटे आयडलवर राहू द्यावी. मग तोंड उताराकडे करून, आणि शेवटी जमेल तितकी आडवी कलवून, दोन्ही अंगांवर तेच करावे. चढावर तोंड असताना काळा धूर येऊन रेस पडत असेल तर आधी फ्लोटची पातळी एक मिलिमीटर खाली घ्यावी, आणि चेंबरच्या व्हेंटचे (हवेच्या छिद्राचे) तोंड हवेच्या गळ्यात उघडत असेल तर त्याला नळी जोडून ते उंच करावे, कारण कललेल्या चेंबरमधले पेट्रोल कित्येकदा जेटवाटे न सांडता व्हेंटवाटे सांडते. पाय दाबल्यावर इंजिन कार्ब्युरेटरवाटे उलटे फटफटत असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. पंपाचा दाब आणि फिल्टर ठीक असूनही तसेच होत राहिले, तर त्या कार्ब्युरेटरचे चेंबर तुमच्या मॅनिफोल्डसाठी चुकीच्या बाजूला आहे, आणि त्यावर जेट बदलत न बसता तो उलटा फिरवून बसवता येतो का ते पाहावे, नसेल तर जेटभोवती चेंबर असलेला शोधावा.