तेवढीच ना?

शुक्रवारी रात्री पावणेनऊला फोनवर एका प्रश्नाला मी ‘हो’ म्हणाले. उत्तर चूक नव्हतं. तरी दीड महिना झाला, लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, रात्री दिवा मालवल्यावर तो फोन माझ्या डोक्यात पुन्हा सुरू होतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

अंधेरीतल्या एका खासगी कंपनीत मी समुद्राचा अंदाज लिहिते. पाऊस-पाण्याचं दुसरे लोक बघतात, माझ्याकडे फक्त लाटा. पहाटे पाचला एक बुलेटिन, संध्याकाळी पाचला दुसरं. गिऱ्हाइकं म्हणजे मुख्यतः बॉम्बे हायला जाणाऱ्या बार्ज, टग, लक्षद्वीपला माल नेणारी छोटी जहाजं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांत एक नवीन गिऱ्हाईक आलं आहे, मुंबईच्या मुलांना मालदीवला सर्फिंगला नेणाऱ्या टूर कंपन्या. मुलं कर्नाटकातल्या मुळकीच्या किनाऱ्यावर, वाळूवर, दोन-चार वेळा शिकतात आणि मग मालदीवच्या बोटीवर आठवडाभर राहायला जातात. वाळूवर पडणं आणि प्रवाळाच्या खडकावर पडणं यात किती फरक आहे, हे त्यांना जाण्याआधी कोणी नीट सांगत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता त्या शुक्रवारच्या आधीच्या सोमवारबद्दल. आफ्रिकेच्या आग्नेयेला, खूप खाली, क्रोझे बेटांच्या जवळ साधारण ४७ अंश दक्षिणेला एक वादळ होतं. तिथे वादळं नेहमीच असतात. पण हे दीड दिवस आपल्याच लाटांच्या मागे मागे चालत राहिलं, एकाच दिशेने वारा ओतत, आणि ती दिशा नेमकी आपल्याकडची, ईशान्येला झुकलेली उत्तर. वारा जोरात असून भागत नाही. तो बराच वेळ आणि पाण्याच्या लांबलचक पट्ट्यावर एकसारखा वाहावा लागतो, तेव्हा कुठे अठरा-वीस सेकंदांची लाट तयार होते. म्हणजे एक उंचवटा गेल्यावर दुसरा यायला अठरा सेकंद. खोल समुद्रात अशा दोन उंचवट्यांमध्ये अर्धा किलोमीटर अंतर असतं. जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला ती खालून गेलेली कळतही नाही.

वादळातून निघालेल्या लाटा वाटेत आपोआप वेगळ्या होत जातात. नवीन मुलांना मी हे लोकलवरून समजावते. सीएसएमटीहून फास्ट आणि स्लो एकाच वेळी सुटल्या तर दादरपर्यंत त्यांच्यात थोडंच अंतर पडतं, पण कल्याणपर्यंत भरपूर पडतं. लाटेच्या सेकंदांना २.८ ने गुणलं की तिची ऊर्जा ताशी किती किलोमीटर सरकते ते मिळतं. वीस सेकंदांची ५६, अठराची ५०, चौदाची ३९. क्रोझेपासून उत्तर माले अटॉल, म्हणजे मालदीवमधलं प्रवाळ बेटांचं एक कडं, साधारण ६१०० किलोमीटर. सोमवारी सकाळी सहाला निघालेली वीस सेकंदांची लाट शुक्रवारी संध्याकाळी सातला तिथे, अठराची शनिवारी सकाळी सातला. संगणकाचं मॉडेल हे सगळं स्वतःच करतं, तरी मी दर वेळी वहीत हाताने करून बघते. त्या आठवड्यात मॉडेल आणि माझी वही यांत तासाभराचाही फरक नव्हता. वाऱ्याचा पहिला नकाशा दिसला त्या सोमवारी सकाळीच मी वहीत ‘शनि. ७’ असं लिहून त्याभोवती गोल केला होता, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. तोही इथे लिहायला हवा.

खरं दुखणं बुलेटिनच्या तक्त्याचं आहे. तो बार्जवाल्यांसाठी बनवलेला. त्यात एक रकाना एकूण उंचीचा आणि एक सरासरी पीरियडचा, म्हणजे दोन लाटांमधल्या सेकंदांचा. शनिवारी त्या भागात दोन वेगळे समुद्र एकावर एक येणार होते. एक जवळच्या वाऱ्याचा, १.१ मीटर, सहा सेकंद. दुसरा दक्षिणेचा स्वेल, म्हणजे त्या दूरच्या वादळातून आलेल्या लाटा, ०.९ मीटर, अठरा सेकंद. उंचींची साधी बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ते आलं १.४. दोघांचा सरासरी पीरियड आला आठ सेकंद. म्हणजे तक्त्यात छापलं गेलं, ‘१.४ मीटर, ८ सेकंद’. आठ सेकंदांची लाट त्या दिवशी त्या समुद्रात जवळजवळ नव्हतीच! एका खोलीत सहा वर्षांचं पोर आणि साठ वर्षांचे आजोबा बसलेत, आणि आपण बाहेर पाटी लावली की आत तेहेतीस वर्षांची माणसं आहेत, तसं हे आहे. स्वेलचा पीरियड वेगळ्या रकान्यात द्या, हे मी दोन वर्षांत तीन वेळा लेखी मागितलं आहे. गिऱ्हाईक गोंधळेल, असं उत्तर मिळतं.

आणि हा फरक कागदावरचा नाही. सहा सेकंदांची लाट खडकावर येते, फुटते, संपते. अठरा सेकंदांच्या लाटेला अडीचशे मीटर खोलीवरच तळ लागायला लागतो. उथळ पाण्यात तिचा वेग मोडतो, मागची ऊर्जा पुढच्यावर चढते आणि ती उभी राहते. खोल पाण्यातली ०.९ मीटर रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर, पावणेदोन-दोन मीटर होते, आणि हा झाला सर्वसाधारण आकडा. गटातली मोठी लाट त्याच्या दीडपट, कधी त्याहून जास्त. त्यात मालदीवची बेटं समुद्राच्या तळातून भिंतीसारखी उभी आहेत. आपल्याकडे मुंबईसमोर शेकडो किलोमीटर उथळ तळ पसरलेला आहे, लाट त्यावर घासत घासत दमून येते. तिथे दमायला जागाच नाही. मॉडेलच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या चौकोनात एक किलोमीटरचं बेट दिसत नाही, त्यामुळे बेटाजवळ नेमकं काय होईल ते माणसानेच सांगावं लागतं. टोनी हिंड नावाचा ऑस्ट्रेलियन सर्फर १९७३ मध्ये ज्या बोटीवर होता ती याच अटॉलच्या रीफवर आदळून फुटली. तो तिथेच राहिला, आणि या लाटा त्याने कित्येक वर्षं बाहेर फारशा कळू दिल्या नाहीत. सर्फरसाठी त्या जागा सोन्याच्या आहेत. पण ज्याला येतं त्याच्यासाठी.

शुक्रवारच्या बुलेटिनमध्ये शेऱ्याच्या जागी मी लिहिलं होतं, ‘शनिवार सकाळपासून दक्षिणेकडून १८ सेकंदांचा स्वेल. मोठ्या लाटा गटाने येतील, मध्ये बराच वेळ समुद्र शांत दिसेल. नवशिक्यांना रीफवर नेऊ नये.’ शेरा मोबाइलवर आपोआप दिसत नाही, त्यासाठी खाली एक बाण दाबावा लागतो. हे ठाऊक असल्यामुळेच मी टूरच्या दादरच्या ऑफिसात फोन केला. तिथला मुलगा चांगला आहे, कामसू आहे, सात जणांचा ग्रुप त्याने एकट्याने सांभाळून पाठवला होता. मागे कोणीतरी व्हिसाबद्दल बोलत होतं, दुसरा फोन वाजत होता.

“मॅडम, शेरा बघतो मी. मीटर किती ते सांगा फक्त.”

“एक पॉइंट चार. पण या वेळी—”

“काल पण एक पॉइंट चारच होती. म्हणजे तेवढीच ना?”

“हो, उंची तेवढीच, पण स्वेल—”

“बास मग. थँक यू मॅडम, मी बोटीवर कळवतो.”

आणि फोन ठेवला. मी परत लावला, एंगेज लागला. पुन्हा लावला, एंगेज. मग बार्जच्या एका कॅप्टनचा फोन आला, नंतर जेवणाचा डबा उघडला, आणि शेरा लिहिलेला आहेच, असं मनाशी म्हणून मी रात्रीच्या कामाला लागले.

शनिवारी नऊच्या सुमारास त्याच मुलाचा फोन आला. आवाज बसलेला होता. बोटीवरच्या गाइडचा व्हॉइस मेसेज त्याने मला ऐकवला. साडेसातला ते पाण्यात उतरले तेव्हा समुद्र जवळजवळ सपाट होता. गाइड हिंदीत सांगत होता, अठरा मिनिटं काही नव्हतं, मी घड्याळ बघितलं होतं. लाट नाही म्हणून मुलं हळूहळू आत, खडकाच्या बाजूला सरकत गेली. दुरून आलेल्या स्वेलचं हेच असतं. वाटेत निवडला गेल्यामुळे सगळ्या लाटा जवळपास एका मापाच्या होतात, आणि अशा लाटा गट करून येतात, मध्ये लांब विसावा. मग ओळीने पाच आल्या. पहिली सगळ्यांच्या डोक्यावरून गेली. ठाण्याची एक मुलगी, सव्वीस वर्षांची, दुसरीत सापडली आणि तिसरीने तिला रीफवर नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं, पाठ आणि मांडी प्रवाळाने सोलून निघाली. आणखी एकाचा बोर्ड मधोमध मोडला. स्पीडबोटीने तिला मालेला नेलं, आठवड्याने ती ठाण्याला परत आली, हाडात प्लेट बसवली. ती आता बरी आहे.

दादरचा मुलगा माझ्यावर चिडला नाही. तो एवढंच म्हणाला, “मॅडम, तुम्ही तेवढीच म्हणालात म्हणून मी गाइडला काही बोललोच नाही.”

आमच्या सरांनी सोमवारी बुलेटिन उघडलं, शेरा वाचला आणि म्हणाले, आपल्याकडे सगळं लेखी आहे, तू कशाला मनाला लावून घेतेस. त्यांचा हेतू चांगला होता. पण लेखी असणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या धंद्यात सगळे पहिलीवर थांबतात. केरळात मच्छीमारांकडे अशा समुद्राला स्वतंत्र शब्द आहे, ‘कळ्ळक्कडल’, चोर समुद्र. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी घरात शिरतं. २०१२ मध्ये युनेस्कोनेही तो शब्द मान्य केला. त्या एका शब्दात जे पोचतं ते माझ्या तीन ओळींच्या शेऱ्यात पोचलं नाही. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेने, असाच इशारा दिला होता आणि मुंबई पालिकेने ४ आणि ५ मेला समुद्रात उतरू नका म्हणून आवाहन केलं होतं. आकडा होता अर्धा ते दीड मीटर. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी लिहिलं, दीड मीटरला काय घाबरायचं, पावसाळ्यात याच्या तिप्पट बघतो. मीटर सगळ्यांना कळतात. सेकंद कोणी विचारत नाही.

त्या रविवारी मला सुट्टी होती. वहीप्रमाणे तोच स्वेल क्रोझेहून ७६०० किलोमीटर येऊन दुपारी दोनच्या आसपास मुंबईला लागणार होता. घरात बसवेना. मी बँडस्टँडला गेले. अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, बाराच्या सुमारास ओहोटी होऊन भरती लागलेली. काळे खडक अजून बरेच उघडे होते, रविवारची गर्दी खाली उतरलेली. मी कठड्याला टेकून एक लांबचा खडक धरला आणि घड्याळ लावलं. वाऱ्याच्या बारीक लाटा चालूच होत्या. त्यांच्याखालून मधूनच पाणी सबंध वर उचललं जायचं, खडकाचा हिरवा पट्टा बुडायचा आणि सावकाश परत दिसायचा. सतरा सेकंद. अठरा. सतरा. मग काहीच नाही, बराच वेळ. आदल्या दिवशी सकाळी त्या मुलीच्या अंगावर आलेल्या लाटांची ही भावंडं होती.

खाली अगदी टोकाच्या खडकावर एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं, एक आजी खुर्चीसारख्या दगडावर बसलेली, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. मी उतरून त्यांच्यापर्यंत गेले.

“दादा, भरती लागली आहे, आणि आज अधूनमधून मोठं पाणी येणार आहे. आजींना घेऊन जरा वर येता का?”

त्यांनी समुद्राकडे बघितलं. “शांत तर आहे ताई.”

“मध्ये मध्ये शांतच दिसेल. दहा मिनिटं वर थांबून बघा माझ्याबरोबर.”

बायकोने मुलांना उठवलं, म्हणून तेही नाइलाजाने उठले. आजींचा हात मी धरला. आम्ही पाच-सहा खडक मागे येऊन उभे राहिलो. मी घड्याळ बघत होते, धाकटा मुलगा माझ्या घड्याळाकडे बघत होता. नऊ मिनिटं गेली. मग पाणी उचललं गेलं. एक, सतरा सेकंदांनी दुसरी, मग तिसरी. तिसरीचं पाणी त्यांच्या खडकावर चढलं, जिथे आजी बसल्या होत्या तो दगड ओला झाला, घोटाभर पाणी फिरून खाली ओघळून गेलं.

ते गृहस्थ माझ्याकडे वळले. “एवढंच?”

मला काही सुचेना. एवढंच होतं ते, मॉडेलप्रमाणे अर्ध्या मीटरच्याही आत. वाट बघून त्यांनी मोठ्या मुलाचा हात धरला आणि फोटो राहिला होता म्हणून परत खाली गेले. आजी आणि धाकटा माझ्यापाशी थांबले. ते दोघं वर येईपर्यंत मी सेकंद मोजत उभी राहिले.