मायनस
आज 20 तारीख. बितुआह लेउमीकडून, म्हणजे इथल्या राष्ट्रीय विमा संस्थेकडून, मुलांचा भत्ता जमा झाला, पण ॲप उघडून बघते तर खातं अजून मायनसमध्येच. इस्रायलमध्ये ओव्हरड्राफ्टला सगळे मायनसच म्हणतात, आमच्या दिमोना गावात तर शेजारीपाजारी हा शब्द पावसापाण्यासारखा बोलतात.

एप्रिल 2025 ला किमान पगार 6,247 शेकेल झाला तेव्हा केवढं बरं वाटलेलं, पण त्याच वर्षी जानेवारीत व्हॅट 17 चा 18 टक्के झाला होता, शिवाय घरभाडं, अर्नोना (नगरपालिकेचा घरकर), वीज, पोरांचे क्लास, कुठून कुठे पुरवायचं सांगा. ताज्या भाजीफळांवर व्हॅट नाही हे एक बरंय, म्हणून मी भाजीवरच जास्त भर देते.

आज सुपरमार्केटमध्ये माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर बाळ. डायपर, तेल, अंडी, दोन ब्रेड. कॅशियरने विचारलं किती तशलुमीम, म्हणजे किती हप्ते, ती हळूच म्हणाली तीन. अंडी आणि ब्रेड पण हप्त्यावर! मला भरूनच आलं, कारण मागच्या महिन्यात मीही तेच केलं होतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली अगं अलिबागला असताना वाण्याच्या वहीत लिहून ठेवायचे बाबा, पगार झाला की फेडायचे. मग उरलेले पोहे भिजवले, नारळ खवला, गूळ घातला, आणि पोरांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. ह्या महिन्यात अजून वीज बिल यायचंय.