अर्जातला एक रकाना

विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्नाची नोटीस देताना जो नमुना भरतात, त्यात नाव, स्थिती, व्यवसाय, वय, पत्ता आणि त्या पत्त्यावर किती दिवस राहता, एवढं विचारतात. धर्माचा रकाना त्यात नाही. डिसेंबरातल्या एका दुपारी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात मुलीचे वडील तो कागद उलटसुलट करून बघत होते. मुलगी लिंगायत, परिचारिका. मुलगा मुसलमान, यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघणारा. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) वडील गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालणारे. लेकीनं हट्टानं आणलं म्हणून आले होते.

"वकीलबाई, याला हरकत कशी घ्यायची ते सांगा."

सांगितलं. नोटीस लागली की ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं, पण कलम ४ मधल्या अटींवरच. दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात नको, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण हवी, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर हवं, निषिद्ध नातं नको. वेगळा धर्म ही हरकत होत नाही.

मग मुलाला 'स्थिती'चा रकाना भरायला सांगितला. या रकान्यावर मी नेहमी थांबते. सगळ्यात जास्त खोटं इथंच लिहिलं जातं. आधीचं लग्न परगावी झालेलं असतं, त्याची नोंद नसते आणि माणूस बिनदिक्कत 'अविवाहित' लिहितो. आधीची बायको कायद्यानं बायकोच असेल तर नवं लग्न रद्दबातल ठरतं, वर फौजदारी गुन्हा. पण ते कळेपर्यंत मुलीची चार वर्षं गेलेली असतात.

मुलानं 'घटस्फोटित' लिहिलं.

वडील खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तीनदा म्हणून सोडली होय?"

तसं नव्हतं. एका दमात तीनदा म्हणून दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली अवैध ठरवला आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला. याचा झाला होता मुबारात, म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं काडीमोड. नुसता मुबारातनामा असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. स्टॅम्पपेपरवरच्या सह्या उद्या कुणीही नाकारतं. त्यानं गुलबर्ग्याच्या कौटुंबिक न्यायालयाकडून विवाह संपल्याची घोषणा मिळवली होती, सही-शिक्क्याची नक्कल पिशवीत होती. कारखान्यातून उचल किती घेतली आणि किती फिटली, त्याचाही कागद होता. हे मी मागितलेलं नव्हतं. मुलीला हे सगळं वर्षभरापूर्वीच माहीत होतं.

नक्कल तारखेसकट वाचली, दावा क्रमांक जुळवला. अपिलाची मुदत कधीच टळून गेली होती. ही मुदत लोक हमखास विसरतात. हिंदू विवाह कायद्याखालच्या घटस्फोटाला अपिलासाठी ९० दिवस असतात, त्याआधी बोहल्यावर चढू नये.

"कागद कुणीबी करून आणतंय," वडील म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं.

तेव्हा मुलानं आधीच्या सासऱ्यांचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. पलीकडून म्हातारा आवाज आला. मेहर पूर्ण दिली, मुलीचं सामान मोजून परत केलं. "हमारी बच्ची का इससे जमा नहीं, साहब. मगर लड़का झूठ नहीं बोलता."

ज्याची लेक नांदली नाही तो बाप हे सांगत होता. यापेक्षा पक्की साक्ष मला आजवर कुठल्या फायलीत मिळालेली नाही.

माझ्या टेबलावर त्याच दिवशी दुसरी फाईल होती. जात एक, पत्रिका जुळलेली, गुरुजी ओळखीचे. मुलाचं पहिलं, मोडलेलं लग्न मात्र लपवलेलं. फसवणुकीवरून विवाह रद्द करून घ्यायला तिला ती कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्यातले आठ महिने घरच्यांनी 'मिटवून घेऊ' म्हणत घालवले होते. स्थळ बघताना लोक कूळ विचारतात, घर बघतात, पण न्यायालयाची नक्कल मागायला लाजतात. ती मागावी. जो रागावतो, त्याच्याबद्दल तेवढ्यातच बरंच कळतं. आणि दोन्ही घरांत देव्हारा सारखा असला म्हणून या चौकशीला सुट्टी देऊ नये, हे मी प्रत्येक आईबापांना सांगते.

वडिलांचा पुढचा प्रश्न वडिलोपार्जित घराचा होता. विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असं लग्न केलेली हिंदू व्यक्ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात. तिचा हिस्सा वेगळा होतो, बुडत नाही. पुढे या दोघांच्या मालमत्तेचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नं चालेल. धर्म कुणालाच बदलावा लागत नाही. हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"हिची आई नाही यायची," बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

मुलगी काही बोलली नाही. मी रहिवासाचे पुरावे लावले. दोघांपैकी एकानं तरी नोटिशीआधी सलग ३० दिवस या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. तीन साक्षीदार लागतील, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून, हेही सांगितलं.

त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान उलटलं, बोटावर दिवस मोजले.

"तेरा-चौदा तारखा सोडून धरा. भोगीला मी सिद्धेश्वरांच्या अक्षतेला असतो."