करीन आणि करिअर

इंग्रजीतलं 'करीन' हे क्रियापद मला पहिल्यांदा भेटलं ते अपघाताच्या बातमीत. एक गाडी दुभाजक ओलांडून अशी काही सुटली होती की तिला थांबवणं चालकाच्या हाती उरलं नव्हतं. उच्चार आपल्या 'करीन'सारखा, म्हणून लक्षात राहिलं. आपला 'करीन' सहसा काही करत नाही. हा मात्र करून मोकळा होतो.

शब्दकोश उघडला, तर गाडी राहिली बाजूला आणि समोर आलं जहाज. लॅटिनमध्ये 'करिना' म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. (आपला अगस्त्य तारा ज्या तारकासमूहात आहे, त्याचंही नाव हेच.) लाकडी जहाजांच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटायचे, वेग मंदावायचा. मग भरतीला जहाज वाळूच्या किनाऱ्याशी आणायचं, ओहोटीला एका कुशीवर कलंडू द्यायचं, बूड खरवडायचं, फटी बुजवायच्या. पुढच्या खेपेला दुसरी कूस. 16व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत याला 'करीन' म्हणत. म्हणजे मुळात यात बेताल काहीच नव्हतं, उलट भरती-ओहोटीचं गणित सांभाळून करायचं सावकाशीचं काम! पुढे वाऱ्याने कललेल्या जहाजालाही तोच शब्द लागला आणि 20व्या शतकात अमेरिकेत तो भरधाव गाड्यांवर चढला.

तिथे त्याची गाठ पडली 'करिअर'शी. हो, तेच आपलं करिअर. फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ शर्यतीची वाट, घोड्याची दौड. 'कार'चं मूळही तेच. क्रियापद म्हणून अर्थ सुसाट धावत सुटणं. नोकरीधंद्यातली वाटचाल हा अर्थ नंतरचा. काटेकोर मंडळी अजून बजावतात : सुसाट सुटलं तर करिअर, कललं तर करीन. पण सुसाट गाडी वळणावर कलतेच की! मला तर ही गफलत अगदी रास्त वाटते.

मराठीत याला एक शब्द शोधून मी दमलो. कलंडण्यात वेग नाही. उधळायला घोडा नाहीतर बैल हवा. झोकांड्या खायला पाय लागतात, आणि भरकटायला सवड. बातमीदार लिहितात, 'चालकाचा ताबा सुटून भरधाव गाडी…' पाच शब्द खर्ची पडतात आणि वर दोष चालकाच्या पदरात.

घरोघरी मात्र आईबाप मुलांना सांगतच असतात, "अरे, काहीतरी करिअर कर."

मुलं म्हणतात, "करीन."